दुसऱ्या दुकानातलं अपडेट

आमच्या ह्यांचा आवाज आता फोनमध्ये असतो. असं म्हटलं की लोकांना वाटतं, हे फोनवर बोलतात एवढंच मला सांगायचं आहे. तसं नाही. गळ्याच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. श्वास आता गळ्यासमोरच्या भोकातून येतो-जातो, आणि तोंडातून आवाज म्हणून काही निघत नाही. जे बोलायचं ते ऑपरेशनच्या आधी त्यांनी स्वतःच्या आवाजात एका ॲपमध्ये भरून ठेवलं आहे. पडद्यावर चौकोनी बटणं, प्रत्येक बटणावर एक चित्र. पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं की फोन म्हणतो, "पाणी आण वं." अगदी ह्यांच्याच आवाजात.

आणि आवाज कसा होता म्हणून सांगू! सारी नोकरी सिलतऱ्याच्या कारखान्यात गेली, मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. घरात हळू बोलले तरी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणावाल्याला आमच्याकडे आज कोणती भाजी आहे ते समजायचं. मी किती चिडायची! "अहो, मी काय सिलतऱ्यात उभी आहे का?" असं रोज म्हणायची. असो.

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी आधीच सांगितलं, की आवाज जाणार आहे, तर जाण्याआधी साठवून घ्या. त्यांनी रोजच्या वापरातली वाक्यं सांगितली: पाणी, भूक, दुखतंय, पंखा लावा. ह्यांनी ती सगळी म्हटली, पण आपल्या बोलीत म्हटली, आणि वर मनानं कितीतरी घातली. "काहून वं, ऐकून नाही राहिली का?" हे घातलं. "ये लवकर" घातलं. भाजीवालीशी घासाघीस करायची हिंदी घातली. पोरगीला लाडानं जे नाव घेऊन हाक मारतात ते घातलं. आणि एक दिवस स्नान करून, धोतर नेसून, पाटावर बसून त्यांनी तर्पणाचा संकल्प म्हटला. गोत्र, वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. मी दारात उभी राहून ऐकलं. आम्हाला मुलगा नाही. पितरांचं नाव घ्यायला तोंड हवं ना, म्हणून ते त्यांनी फोनमध्ये ठेवलं.

हे ॲप फोनमध्ये आधीपासून जे मोठं दुकान असतं, त्यातलं नाही. तिथंही अशी ॲपं होती, पण पोरगीनं ती नाकारली. आमची पोरगी भिलाईला नोकरी करते, कॉम्प्युटरचं तिला कळतं. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतूनच देते. ती म्हणाली, "मम्मी, वो सब पापा की आवाज़ अपने सर्वर पे भेजते हैं. ये वाला कहीं नहीं भेजता, सब फोन में ही रहता है." म्हणून तिनं एक दुसरं दुकान फोनमध्ये आणलं. त्यात जाहिरात नाही, खातं उघडायचं नाही. लोकांनी हौसेनं बनवलेली, सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली ॲपं तिथं मिळतात. ते आणताना फोननं मोठा लाल इशारा दाखवला, की हे अनोळखी ठिकाणचं आहे, धोका असू शकतो. मी घाबरले. पोरगी हसली, "फोन को अपनी ही दुकान अच्छी लगती है, मम्मी."

आता ह्या दुसऱ्या दुकानाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मोठ्या दुकानातली ॲपं आपोआप बदलतात. तुम्ही झोपलेल्या असता, भाजी चिरत असता, आणि तिकडे काहीतरी नवीन येऊन बसतं. दुसऱ्या दिवशी बटण जागेवर नसतं तेव्हा समजतं. दुसरं दुकान तसं करत नाही. म्हणजे आमच्या फोनमध्ये तरी करत नव्हतं. ते वर एक छोटी चिठ्ठी लावतं, की अमक्या ॲपचं नवीन रूप आलं आहे. तुम्ही जाऊन बघा, काय बदललं ते खाली लिहिलेलं असतं ते वाचा, मग "अपडेट" दाबा. मग फोन परत विचारतो, करायचं का खरंच? हो म्हटलं तरच होतं. नाही म्हटलं तर जुनंच चालू राहतं, चिठ्ठी लटकत राहते. मला ही रीत आवडली. घरात पाहुणा आला तर आधी दार वाजवतो, तसं वाटलं. अपडेटचं काम ह्यांनी माझ्याकडेच दिलं होतं, कारण त्यांना त्या फोनमध्ये बोलण्याशिवाय दुसरं काही करायची भीतीच वाटायची.

भादव्यात असं झालं की फोनची स्वतःचीच मोठी सिस्टीम बदलली. ती काही विचारून बदलत नाही, बदलली आणि फोन बंद होऊन चालू झाला. त्या दिवसापासून आमचं ॲप अडकायला लागलं. बटण दाबलं की चाक फिरत राहायचं, आवाज उशिरा यायचा, कधी यायचाच नाही.

एका दुपारी मी गच्चीवर पापड उचलत होते. खाली आले तर हे पलंगाच्या काठावर, एका हातानं गळा धरलेला, दुसऱ्या हातानं फोनवर बोट आपटून राहिले. भोकात कफ घट्ट होऊन अडकला होता. "ये लवकर" दाबत होते आणि फोन गप्प. मी सक्शनची नळी लावली, मोकळं झालं, रंग परत आला. तेव्हा, सगळं निपटल्यावर, फोन बोलला. "ये लवकर." मग परत "ये लवकर." जितक्या वेळा दाबलं होतं तितक्या वेळा बोलत राहिला, आणि आम्ही दोघं समोर बसून ते ऐकत राहिलो. बंद कसा करायचा ते दोघांनाही सुचलं नाही.

म्हणून अपडेट पाहिजेच होतं. आणि ते आलंही. पण आलं तेव्हा पितृपक्ष लागला होता.

ह्यांनी पाटी घेतली. ऑपरेशननंतर आम्ही एक पाटी-पेन्सिल घेऊन ठेवली आहे, जे बटणावर नाही ते त्यावर. लिहिलं, "आता नाही. पक्ष चालू आहे."

मी म्हटलं, "अहो, हे काय सोनं आहे का घर आहे? फोनमधलं आहे."

त्यांनी पुसून लिहिलं, "नवीन ते नवीन." मग थोडं थांबून, खाली बारीक अक्षरात, "तिथीच्या आधी बिघडलं तर?"

भीती खरी होती. वडिलांची तिथी पक्षाच्या शेवटाकडे होती. ऑपरेशननंतरचं हे पहिलं श्राद्ध. संकल्प त्या फोनमध्ये होता, आणि जुनं अडखळत का होईना, बोलत तर होतं. मी चिठ्ठी तशीच लटकत ठेवली. उघडून वाचलीही नाही. उघडलं आणि चुकून दाबलं गेलं तर काय, असं वाटलं.

तिथीच्या दिवशी पुरानी बस्तीतून गुरुजी आले. आधी मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं, चालेल ना असं विचारलं होतं. ते म्हणाले होते, "आवाज कर्त्याचा, हात कर्त्याचे. मग अडचण काय आहे?" तरी फोन पाटाशेजारी ठेवला तेव्हा एकदा त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच. माझे दीरही आले होते. सदर बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, तोंड त्यांचं एक मिनिट बंद नसतं.

"वहिनी, चार्जिंग भरून आहे ना? नाहीतर आजोबापर्यंत पोचून पणजोबा राहून जातील."

"भाऊजी, आज तरी गप्प बसा."

"मी गप्पच आहो. तुम्हीच बोलवून राहिल्या."

गुरुजींनी खूण केली. ह्यांनी बटण दाबलं. चाक फिरलं. फिरत राहिलं. ह्यांच्या ओंजळीत पाणी, तीळ, आणि बोटांच्या फटीतून पाणी ठिबकायला लागलं. दीरसुद्धा वाकून फोनकडे बघू लागले. मग आवाज आला, तो जुना, भरलेला, सिलतऱ्याचा आवाज, आणि गोत्रापासून पणजोबांपर्यंत सगळी नावं एकामागून एक म्हणत गेला. ह्यांचे ओठ सोबत हलत होते. पाणी ताम्हनात पडलं. दीर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते.

घटस्थापनेला सकाळी घट बसवले, आरती झाली, आणि ह्यांनी स्वतःच फोन माझ्या हातात दिला. दीर प्रसादाला आले होते. मी चिठ्ठी उघडली. दुकानात आता आणखी नवीन रूप आलेलं दिसत होतं. पक्षात आलं होतं त्याच्याही पुढचं. मी म्हटलं चला, बरंच झालं, एकदमच होऊन जाईल. "अपडेट" दाबलं.

फोनवर हिंदीत आलं, की नया वर्ज़न किसी और हस्ताक्षर से है, इसे लगाने के लिए पहले पुराना हटाना होगा. खाली दोन बटणं. रद्द करें. हटाएँ.

दीर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "हटवा ना वहिनी. काढा अन् परत टाका. दुकानात मी पेमेंटचं ॲप असंच काढतो अन् टाकतो, काही होत नाही. नंबर टाकला की सारं परत येते."

"हो का?"

"हव तर! कायले घाबरून राहिल्या?"

बघा, ते काही खोटं बोलत नव्हते. त्यांचं ॲप मोठ्या दुकानातलं, त्यांचं सगळं कुठेतरी दूर कंपनीकडे साठवलेलं, परत नंबर टाकला की परत येतं. आमचं कुठेच जात नव्हतं म्हणून तर पोरगीनं ते घेतलं होतं. पण त्या घडीला हे मला सुचलं नाही. फोननं स्वतः सांगितलं आहे, दुकान स्वतः बटण देतं आहे, तर दाबायचं, इतकंच डोक्यात. मी बोट नेलं.

ह्यांनी माझं मनगट पकडलं. इतकं जोरात, की बांगडी रुतली. त्यांनी खालची ओळ वाचली होती. ती बारीक होती, माझ्या चष्म्यातून मला अर्धीच दिसत होती. इसका सारा डेटा भी मिट जाएगा.

मी रद्द दाबलं. दीरांनी फोन घेऊन खुर्चीवर ठेवला, उलटा, जसं काही सरळ ठेवला तर तो परत विचारेल. मग स्वतःच म्हणाले, "मले का माहीत, वहिनी." आणि प्रसाद न घेताच बसून राहिले. मी वाटी हातात दिली तेव्हा घेतली.

पोरगीला फोन लावला, माझ्या फोनवरून. तिनं सगळं ऐकलं आणि एकच म्हणाली, "मम्मी, कुछ मत दबाना. किसी को छूने मत देना. मैं इतवार को आती हूँ."

"पण झालं का आहे ते तर सांग."

मग तिनं समजावलं. प्रत्येक ॲपला बनवणाऱ्याची सही असते. आपल्याला दिसत नाही, फोनला दिसते. नवीन रूप आलं की फोन सही जुळवतो. तीच सही असली तर जुन्याच्या जागी नवीन बसवतो आणि आत जे भरलं आहे ते तसंच ठेवतो. सही वेगळी निघाली तर त्याला वाटतं कुणी दुसराच घरात शिरायला बघतो आहे, आणि तो अडवतो. "अच्छी बात है, मम्मी, इसी से चोरी बचती है." आमच्या ॲपचं असं झालं होतं, की ज्यानं ते बनवलं त्याला पुढे सांभाळणं जमेना, त्यानं ते दुसऱ्यांच्या हातात दिलं. त्यांची सही वेगळी. पण जाण्याआधी त्यानं आपल्या सहीचं एक शेवटचं रूप काढलं होतं, त्यात एक नवीन बटण दिलं होतं, की आपलं सगळं एका फाइलमध्ये बाहेर काढून ठेवा, मग पुढचं घ्या. तसं खाली स्पष्ट लिहिलं होतं.

"वो वाला कब आया था?" मी विचारलं, मीही हिंदीतच बोलले.

"पितर पक्ष में," ती म्हणाली.

म्हणजे जी चिठ्ठी आम्ही उघडली नाही, तीच ती.

ह्यांनी हे सगळं ऐकलं, मी स्पीकरवर ठेवलं होतं. उठून आत गेले.

इतवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. घरात नवरात्र, रोज माळ, बायका येणार-जाणार, आणि हे गप्प. म्हणजे बटणंच दाबेनात. फोन देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवून दिला होता. पाणी पाहिजे असलं तर उठून स्वतः घ्यायचे. मी म्हटलं, "अहो, वापरल्यानं काही संपत नाही तो." त्यांनी मान हलवली, हो म्हणून, आणि वापरला नाही. शेजारची बाई आली, "भैया आजकल कुछ बोलते नहीं?" असं सहज म्हणाली. तिला वाईट वाटायला नको म्हणून मी हसले, पण माझं चित्त त्या दिवशी फुलोऱ्यात नव्हतं, करंज्या तेलात फुटल्या.

मला खरं काय वाटत होतं ते लिहिते. ऑपरेशनच्या वेळी मी रडले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, आवाज जाईल. जीव वाचला, मी हात जोडले. आणि आवाज गेला असं मला कधी पुरतं वाटलंच नाही, कारण घरात "काहून वं" चालूच होतं. जे दुःख मी तेव्हा केलं नाही ते आता त्या फळीवर येऊन बसलं होतं. जाता-येता नजर जायची. एखाद्याच्या उशाशी बसावं तशी मी दुपारी तिथेच बसायला लागले.

इतवारी पोरगी सकाळच्या गाडीनं आली. चहाही घेतला नाही. बापाच्या पाया पडली, फोन घेतला, आपला कॉम्प्युटर उघडला. मी म्हटलं, "मोठ्या दुकानात असतं तर असं झालं असतं का?"

"वहाँ होता तो पुराना मिलता ही नहीं," ती म्हणाली. "वहाँ बस सबसे नया रहता है." आणि दुसऱ्या दुकानात आमच्या ॲपचं पान उघडून ती खाली, खाली सरकवत गेली. नवीन रूपाच्या खाली जुनी रूपं ओळीनं ठेवलेली होती. मी इतके दिवस त्या पानावर जात होते, पण खाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. "देखो, बीच वाला. पुराने आदमी के साइन का. रखा हुआ है."

"मग ते बसेल का?"

"बैठना चाहिए."

"चाहिए म्हणजे?"

"मम्मी, प्लीज़."

तिनं ते मधलं रूप उतरवलं. फोननं विचारलं, अपडेट करायचं का? ह्या वेळी हटवायची गोष्ट नव्हती. सही जुळली. पट्टी सरकली, आणि आमची बटणं तशीच्या तशी उभी राहिली, पेला, पंखा, दार, सगळी. कोपऱ्यात ते नवीन बटण. तिनं दाबलं, फाइल बनली. ती तिनं कॉम्प्युटरवर घेतली, माझ्या फोनवर घेतली, कॉम्प्युटरला लावायच्या आणखी एका छोट्या डबीत घेतली. मग कॉम्प्युटरवर उघडून एक आवाज वाजवला, खात्री म्हणून. "कांदा नको टाकू." कॉम्प्युटरमधून ते ऐकून हे स्वतःच दचकले.

एवढं झालं तरी पुढचं उरलंच होतं. आता जुनं काढायचं, तेव्हाच नवीन बसणार. पोरगीनं हटवायच्या बटणापर्यंत आणलं आणि थांबली. तिला इतकं कळतं, फाइल तीन ठिकाणी आहे हे तिला माहीत, तरी तिचं बोट पुढे जाईना. "मम्मी, तू कर."

"मी? मी कायले?"

आम्ही दोघी एकमेकींकडे फोन सरकवत राहिलो. शेवटी ह्यांनी हात पुढे केला. चष्मा पुसला, डोळ्यावर ठेवला, ती बारीक ओळ पूर्ण वाचली, आणि दाबलं. ॲपचं चित्र गेलं. फोनच्या पडद्यावर तिथं रिकामी जागा झाली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही, मी त्या जागेकडेच बघत होते.

नवीन उतरायला वेळ लागला, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्या वेळी नेटवर्क मरतंच. मग फाइल आत घेतली. आवाज आले. पण चित्रं आली नाहीत, नावं आली नाहीत. नुसते आकडे, ओळीनं. कोणत्या आकड्यात काय आहे ते ऐकल्याशिवाय समजेना. मग पोरगी एकेक वाजवायची, हे पाटीवर लिहायचे, मी चित्र शोधायची. जेवण राहिलं, कुमारिकांना हळदकुंकू लावून परत येऊन बसलो. इतका त्यांचा आवाज सलग मी ऑपरेशननंतर ऐकलाच नव्हता. रागाचा, आळसाचा, भाजीवालीला दटावणारा. संकल्प लागला तेव्हा पोरगीनं डोक्यावर ओढणी घेतली आणि पूर्ण वाजू दिला.

थोड्या वेळानं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आवाज त्यांचाच, शब्द तेच, पण मागं काहीच नव्हतं. आम्ही ते रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात केलं होतं. मॅडमनी बंद खोलीत करा म्हटलं होतं, पण ह्यांना तेव्हा एकटं बसायचं नव्हतं, म्हणून ते ओट्याशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि मी पोळ्या करायची. प्रत्येक वाक्याच्या मागं काही ना काही होतं. कुकरची शिट्टी, नळ, लाटणं, एका ठिकाणी तर मीच विचारते आहे, मीठ पुरे का. ते सगळं गेलं होतं.

पोरगी म्हणाली, नवीन लोकांनी मागचा गोंगाट आपोआप साफ करायची सोय घातली आहे, म्हणजे बोललेलं स्पष्ट समजतं. मूळ फाइलमध्ये सगळं आहे. खाली एक बटण आहे, बंद केलं की जसं होतं तसं वाजेल. "बंद करूँ, पापा?"

मी म्हणणारच होते, कर. ह्यांनी आधी पाटी उचलली. "राहू दे. बाजारात लोक 'का म्हटलं? का म्हटलं?' करतात. आता समजेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काय वाटतं हे त्यांना समजलं होतं, आणि तरी त्यांनी पाटीवरचं ते पुसलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. त्यांना आवाज आठवण म्हणून ठेवायचा नव्हता, त्यांना त्यानं बोलायचं होतं. मी म्हटलं, "राहू द्या."

पोरगी म्हणाली, आता एकदा चालवून बघू, अडकतं की नाही. मी म्हटलं मी गच्चीवर जाते, तुम्ही खालून बोलवा. जिना चढले. वर संध्याकाळ होत आली होती, कुठल्या तरी मंडपातून देवीचं भजन येत होतं, गल्लीत मोटरसायकली. मी टाकीजवळ जाऊन उभी राहिले, जिथून कधी काही ऐकू यायचं नाही.

"ये लवकर."

चाक फिरलं असेल नसेल, मला काय दिसणार? आवाज लगेच आला. स्वच्छ, एकटा, मागं कुकर नाही, मी नाही, भजनाच्याही वर, थेट टाकीपर्यंत. हे तपासणीचं आहे हे मला माहीत होतं. तरी मी गुडघेदुखी विसरून जिना उतरले आणि दारात पोचले तेव्हा धाप लागली होती. हे खुर्चीत नीट बसलेले, फोन मांडीवर. त्यांनी बोटानं नुसती खूण केली, बस म्हणून, आणि मी बसले.